तापीचे पाणी आणि गोव्याची गोदी

आमच्या जळगाव-धुळ्याची तापी सुरतेपाशी समुद्रास मिळते. त्याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी मिस्त्री जहाजे बांधण्यास मुंबईस गेले, हे होडी जाणणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस ठाऊक असावे.

मुंबईचीच माझगाव गोदी १९६० साली सरकारने घेतली. इकडे गोव्यात खनिज वाहणाऱ्या बार्जांकरिता पोर्तुगीजांनी १९५७ साली गोदी घातली होती. १९६१ साली पोर्तुगीज गेले, गोदी मागे राहिली! ती माझगावकडे भाडेपट्ट्याने आली आणि १९६७ साली तिची उपकंपनी झाली. केवळ पैसेवाल्याऐवजी कसब जाणणाऱ्याच्या हाती ती पडली, हे आम्हांस विशेष वाटते. पुढे ती माझगावपासून वेगळी झाली. आज तटरक्षक दलाची जहाजे बांधते.