पाइप, टाका आणि पीळ

बडोद्यात गोरव्याच्या बीआयडीसी औद्योगिक वसाहतीत गेट आणि रॅक जोडणारा वेल्डर स्पोर्ट्स कारची चासी बांधू शकेल का? हात तोच लागतो. फक्त वाकडं गेट घासून बसवता येतं. वाकडी चासी सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते.

अलिबागजवळ कार्लेखिंडीला चिंकारा मोटर्सने बांधलेली उघडी रोडस्टर घ्या: पाइपांचा सांगाडा, वर फायबरग्लास, आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. तिचा मूळपुरुष १९५७ ची लोटस सेव्हन.

चौकट दाबली की तिरकी होते, त्रिकोण होत नाही. म्हणून सांगाड्यात आडवे-तिरके पाइप. पण जिथे माणूस बसतो तिथे वरून त्रिकोण घालायचा कसा? उघड्या गाडीला पीळ पडतो तो तिथेच. म्हणून अशा गाड्यांच्या बाजू उंच ठेवतात आणि आत शिरताना पाय उचलून टाकावा लागतो.

पातळ पाइपचा ताठपणा जाडीच्या पटीत वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या पटीत. व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेच राहून ताठपणा चौपट. कागदावर मोह पडतो. प्रत्यक्षात पत्रा फार पातळ झाला, की आर्क क्षणभर जास्त रेंगाळला तरी भोक. म्हणून गाडी २५ मिमी व्यास आणि दीड मिमीच्या आसपास जाडीवर येऊन थांबते.

खरी कारागिरी उष्णतेशी आहे. एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं तर १.२ मिमी वाढतं. ते तसंच परत आलं असतं तर प्रश्न नव्हता. सांध्याजवळचा तापून मऊ झालेला भाग भोवतालच्या थंड धातूत चेपला जातो आणि निवताना आखूड होतो, म्हणून पाइप वेल्डच्या बाजूला झुकतो. जाणता कारागीर आधी नुसते टाके मारतो, दोन्ही कर्ण मोजतो, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने भरतो. कोणता पाइप किती ओढला जाईल, हा अंदाज मात्र हातानेच शिकावा लागतो. बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते अशाच हाताच्या विद्येसाठी.

अंदाजाची परीक्षा स्वस्त आहे. चासीची मागची बाजू पक्की आवळा, पुढची मधोमध एका टेकूवर ठेवा आणि आडव्या दांड्यावर टेकूपासून एक मीटरवर ५० किलो टांगा. टोक साडेचार मिमी उतरलं तर पीळ पाव अंश, म्हणजे ताठपणा अंशाला सुमारे २००० न्यूटन-मीटर. हा आकडा हाती येईपर्यंत चासीला रंग लावू नये.