बेवड कुणाच्या नावावर?

कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये जाहीर केले. वर्गात मी ते साल फळ्यावर लिहितो. पण हरभऱ्यामागून येणारे पीक जोमाने येते, हे शेतात राबणाऱ्यांना त्याआधीच ठाऊक होते. घाटावर त्याला ‘बेवड’ असा शब्दच आहे. तो कुणी घडवला याची नोंद कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ पेरतात. वरून खत नाही, पाणी नाही, तरी पीक येते. यातला बराच नत्र दाण्याबरोबर निघून जातो हे खरे. मागे राहतो तो मुळांत आणि गळलेल्या पाल्यात. भातखाचराच्या पाण्यातले निळे-हिरवे शेवाळही नत्र बांधते, असे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले. उलट राब भाजताना शेणापाल्यातला नत्र धुरावाटे जातो.

पण खरा प्रश्न मुदतीचा आहे. बेवडाचे फळ पुढच्या हंगामात मिळते, आणि खोताच्या मर्जीवर कसणाऱ्या महार-कुणबी कुळाला पुढच्या हंगामाची हमीच नव्हती. १८८० च्या खोती कायद्याने कायम कुळांना थोडे संरक्षण दिले. बाकीच्यांना खोत उठवू शकत होता. तो पिकाचा वाटा घेई, वेठ घेई. दाण्याचा वाटा निदान मापाने मोजला जात होता. जमिनीत मुरलेला कस मात्र सगळाच खोताचा. उठवलेले कूळ तो डोक्यावर घेऊन थोडेच जाणार? मग त्याने बांध का सावरावा, शेणाची पाटी का टाकावी?

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. या लढ्याकडे आपण खंडाचा आणि वेठीचा लढा म्हणून पाहतो, आणि तो होताच. पण तो मातीच्या कसाचाही लढा होता. ही बाजू आपल्या लेखनातून निसटली आहे. विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. कागदावर ज्यांची नावे कूळ म्हणून होती, त्यांना त्याचा आधार मिळाला. जे नुसते मजूर होते, त्यांच्या हातचा बेवड कुठल्याच सातबारावर चढला नाही.