खटला थांबतो तेव्हा काय थांबते?

मार्कंड्याच्या परिसरातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी जमिनीचा नाहीतर जंगलाचा वाद असतो. ‘केस थांबली आहे’ हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते. नेमके काय थांबले, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते. हा प्रश्न जितका कायद्याचा, तितकाच आपल्या चळवळीच्या इतिहासाचाही आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. एकच तंटा दोन्हीकडे गेला, तर एक न्यायालय आपले काम तहकूब ठेवून दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहू शकते. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत न्यायालयांची एकच उतरंड आहे. तरीही दोन दावे समोरासमोर येतातच. त्यासाठी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 10 आहे. त्याच पक्षकारांमधला तोच मुद्दा आधीच्या दाव्यात सक्षम न्यायालयापुढे असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. दावा रद्द होत नाही. शिवाय, सुनावणी थांबली तरी अंतरिम हुकूम देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली इंडियन बँक विरुद्ध महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ या प्रकरणात सांगितले. सारी मेख इथेच आहे. निकाल लांबतो, हुकूम मात्र आजच लागू होतो.

अंतरिम हुकमाची ही ताकद आपण महाडला भोगली आहे. तिथे दावा एकच होता. थांबवला गेला तो सत्याग्रह. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. 12 डिसेंबरला सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा कशासाठी होता, हे या तारखाच सांगतात. 25 डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु हुकूम मोडायचा नाही म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करवला. हजारो माणसे तहानेचा प्रश्न घेऊन आली आणि पाण्याला हात न लावता परतली.

तो हुकूम 23 फेब्रुवारी 1928 रोजी उठला. म्हणजे तो जेमतेम दहा आठवडे जगला. पण ज्या दिवसांसाठी तो मागितला होता, ते दिवस त्याने गिळले. दावा 1931 साली महाडला फेटाळला गेला, पुढे ठाण्यालाही वादी हरले, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, असा निर्णय दिला. न्याय मिळाला, पण त्याला सव्वानऊ वर्षे लागली.

तेव्हा स्थगिती वाईटच, असे म्हणायचे काय? नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(5) सांगते, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला जमिनीवरून हटवता येणार नाही. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो स्थगित केला. महाडला थांबण्याने पाणी तुटले, इथे थांबण्याने घर वाचले.

स्थगिती तटस्थ कधीच नसते. खटला थांबला की ज्याच्या हाती तळे, शेत किंवा कागद असतो, त्याचा कारभार सुरूच राहतो. म्हणून ‘निकाल केव्हा?’ या प्रश्नाच्या आधी कार्यकर्त्याने विचारले पाहिजे : निकाल लागेपर्यंत पाणी कोण पिणार?