प्लाझ्मा पेशींची सौम्य वाढ : रोगनिदानाचा इतिहास आणि खानदेश

मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या अंतस्त्वचेवर क्वचित लालसर, खडबडीत वाढ किंवा लहानशी गाठ आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली ती प्लाझ्मा पेशींनी गच्च भरलेली दिसते. याच पेशींपासून प्लाझ्मासायटोमा हे मारक अर्बुदही होते आणि अस्थिमज्जेबाहेर त्याचे प्रमुख स्थान नाक व घशाचा हाच प्रदेश होय. म्हणून गाठ सौम्य की मारक, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने केवळ नामकरणाचा राहत नाही.

‘प्लाझ्मा पेशी’ हा शब्द वाल्डेयर यांनी १८७५ मध्ये योजला. मात्र त्यांनी वर्णिलेल्या पेशी आजच्या अर्थाच्या नव्हत्या. रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये उपदंशाच्या व्रणात खरी प्लाझ्मा पेशी पाहिली, उन्ना यांनी पुढील वर्षी जुने नाव तिला दिले आणि मार्शाल्को यांनी १८९५ मध्ये तिचे एका बाजूस सरकलेले केंद्रक नेमके वर्णिले. ती प्रतिद्रव्ये निर्माण करते, हे मात्र स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फाग्रेउस यांच्या १९४८ च्या प्रबंधाने स्पष्ट झाले. अर्धशतकाहून अधिक काळ पेशी दिसत होती, तिचे कार्य उमगले नव्हते!

केवळ रूपावरून सौम्य व मारक पेशी ओळखणे कठीणच होते. कोर्नगोल्ड व लिपारी यांनी १९५६ मध्ये बेन्स-जोन्स प्रथिनांचे दोन प्रकार दाखविले. पुढे ते ‘कॅप्पा’ व ‘लॅम्बडा’ झाले. या ग्रीक अक्षरांत त्या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे दडलेली आहेत. दाहजन्य वाढीतील पेशी अनेक वंशांच्या असल्याने त्यांत दोन्ही साखळ्या आढळतात. अर्बुद एकाच पेशीचा वंश असल्याने त्यात एकच. ऊतींवर ही तपासणी शक्य झाल्यानंतरच सौम्य वाढीला निश्चित ओळख मिळाली. १९६० च्या दशकाअखेरीस व १९७० च्या आरंभी अमेरिकेत च्युइंगममुळे उद्भवणाऱ्या हिरड्यांच्या अशाच दाहाची नोंद झाली. च्युइंगम सोडताच तो ओसरत असे.

खानदेशात या प्रश्नाला वेगळी पार्श्वभूमी आहे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळण्याचा मुखकर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासला. तंबाखू, मिश्री व गुटखा परिचित असलेल्या प्रदेशात तोंडातील प्रत्येक गाठीकडे आधी कर्करोग म्हणून पाहिले जाणे योग्यच आहे. परंतु हाच योग्य संशय दुर्मीळ सौम्य वाढीला घातक ठरू शकतो : जिथे दाहाचे कारण दूर करणे किंवा स्टेरॉईड पुरेसे ठरू शकते, तिथे व्यापक शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार होण्याचा धोका राहतो.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आले. गाठीचा तुकडा काढणे व साधे रंजन करून पाहणे हे जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. कॅप्पा-लॅम्बडाची तपासणी जिथे होत नाही, तिथून तोच मेणात जतन केलेला तुकडा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. त्यासाठी रुग्णाला मुंबई गाठावी लागत नाही.