2,14,74,83,647: एका मूळ संख्येचा इतिहास

दोनाचा 31 वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. म्हणजे 1 आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांच्यावरून मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. येथे घातांक 31 हादेखील त्याच कुळातला आहे, कारण 2⁵ − 1 = 31. त्यामुळे ही संख्या दुहेरी मेर्सेन या फार विरळ वर्गातही बसते.

या संख्यांचे आकर्षण ग्रीकांपासूनचे आहे. ज्या संख्येच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या; उदाहरणार्थ, 6 = 1 + 2 + 3. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. मात्र 2ⁿ − 1 केव्हा मूळ असते, हे ठरवणे कष्टाचे होते. इटलीच्या पिएत्रो कातालदी यांनी 17 आणि 19 हे घातांक एकेक भागाकार करून तपासले. 1603 मध्ये त्यांनी 23, 29, 31 आणि 37 हेही चालतील असे सांगितले. गणिती फेर्मा यांनी 1640 मध्ये 23 आणि 37 बाद केले, तर 29 चा दावा गणिती ऑयलर यांनी 1738 मध्ये खोडून काढला. उरला फक्त 31.

कातालदींच्या रीतीने 2³¹ − 1 या संख्येची परीक्षा करायची तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 46,340 पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. त्या पावणेपाच हजारांहून अधिक आहेत. ऑयलर यांचे खरे मोठेपण इथे दिसते. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरेल, हे त्यांनी ओळखले. 46,340 पर्यंत अशा संख्या पावणेचारशेसुद्धा भरत नाहीत, आणि त्यांतल्याही फक्त मूळ संख्याच तपासायच्या. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. ऑयलर यांनी हा निष्कर्ष 1772 मध्ये गणिती बर्नुली यांना पत्राने कळवला. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी हा तिचा मान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या एकोणीस अंकी आहे. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, असे इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी 1811 मध्ये लिहिले. केवळ कुतूहलासाठी कोणी एवढे श्रम घेणार नाही, असे त्यांना वाटत होते. हे अनुमान साफ चुकले. 1876 मध्ये एदुआर ल्युका यांनी 2¹²⁷ − 1 ही 39 अंकी संख्या मूळ असल्याचे नव्या कसोटीने दाखवले.

पुढे संगणकामुळे या संख्येला वेगळेच महत्त्व आले. 32 बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखला, तर उरलेल्या 31 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच असते. अनेक जुन्या प्रणाली 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद अशा 32 बिटांत मोजतात. ही मोजणी 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी या संख्येपाशी पोचेल, आणि त्यापुढचा सेकंद त्या प्रणालींना नोंदवता येणार नाही.