पेटीपुढची जागा कोणाची?

मागच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, कर्जाचे हप्ते भरून झाले आणि मग एका ताईंनी मनातली गोष्ट काढली. त्यांची लेक पेटी शिकली आहे, परीक्षाही दिल्या आहेत. सप्ताहात तिने पेटीची साथ करावी असे आम्हां सगळ्यांना वाटत होते. पण देवळातून निरोप आला, “बायकांनी हरिपाठ म्हणावा, टाळ वाजवावा. पेटीवर पुरुषच बसतील. तशी रीत आहे.” रीत म्हटले की आपण गप्प बसतो. त्या दिवशीही बसलो.

पण ही रीत केली कोणी आणि ती बदलते कशी, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज दूरच्या स्वीडन देशातली एक खरी गोष्ट सांगतो. तीही देवाच्या दारातल्या वाद्याचीच आहे.

आपल्या जुन्या संगीत नाटकांत पायपेटी असायची, तिला ऑर्गन म्हणत. चर्चमधला मोठा ऑर्गन त्याहून फार वेगळा. भिंतभर उभ्या शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. भात्याने हवा भरायची, पट्टी दाबली की ती हवा नळीत शिरते आणि सूर उमटतो. हातांसाठी एकावर एक पट्ट्यांच्या रांगा असतात आणि पायांसाठीही वेगळ्या पट्ट्या असतात. वीज नव्हती तेव्हा भाता हलवायला माणसे लागत. प्रार्थनेला जमलेली सगळी मंडळी या वाद्याच्या आधाराने गातात. म्हणून त्यापुढे बसणाऱ्याला मान असतो, पगार असतो. आणि म्हणूनच ती जागा बायकांना मिळत नव्हती. चर्चमध्ये बायकांनी गप्प राहावे, असे बायबलातले वचन लोक पुढे करत.

एल्फ्रिडा आंद्रे १८४१ साली स्वीडनमधल्या गोटलंड बेटावर, विस्बी गावात जन्मली. वडील डॉक्टर होते आणि नव्या विचारांचे होते. तिथल्या मोठ्या चर्चच्या वादकाकडून एल्फ्रिडा आणि तिची बहीण संगीत शिकल्या. बहीण पुढे नामांकित गायिका झाली. एल्फ्रिडाला ऑर्गनचा ध्यास लागला. १८५५ साली, चौदाव्या वर्षी, ती शिकायला राजधानी स्टॉकहोमला गेली. तिथल्या संगीत अकादमीत मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. मग तिने बाहेरून अभ्यास केला आणि १८५७ साली ऑर्गनवादकाची परीक्षा दिली. ती पास झाली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

आता पुढे काय झाले ते नीट ऐका. हातात प्रमाणपत्र आले, पण नोकरी मिळेना. चर्चच्या वादकाची जागा बाईला द्यायला कायद्यानेच मनाई होती. म्हणजे शिकायची वाट कशीबशी सापडली, पण शिकून बसायला जागा नाही. आपल्या किती लेकींचे असेच होते, हे आपण रोज पाहतो.

एल्फ्रिडा आणि तिचे वडील रडत बसले नाहीत. त्यांनी अर्ज केले, वजनदार लोकांना भेटले, नियमच बदला असा आग्रह धरला. १८६१ साली कायदा बदलला आणि स्वीडनमध्ये बायकांना चर्चमध्ये ऑर्गनवादक होता येऊ लागले. त्याच वर्षी एल्फ्रिडाला स्टॉकहोमच्या एका चर्चमध्ये काम मिळाले. बायकांना तारखात्यात नोकरी मिळावी म्हणूनही ती झगडली आणि १८६३ साली तेही दार उघडले. त्या दाराने पुढे किती घरांत बाईच्या हाताचा पगार आला असेल!

१८६७ साली गोथेनबर्ग शहरातल्या मुख्य चर्चमध्ये जागा निघाली. पुरुष उमेदवारही होते. निवड एल्फ्रिडाची झाली. त्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती. १९२९ साली मरण येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ६२ वर्षे, ती त्या जागेवर होती. तिने ऑर्गनसाठी आणि वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना केल्या. पुढे त्याच शहरात कामगारांसाठी संगीताचे सुमारे ८०० कार्यक्रम केले. ज्या अकादमीत तिला रीतसर प्रवेश नव्हता, तिने १८७९ साली तिला सदस्य करून घेतले.

अशी ती एकटीच नव्हती. फ्रान्समध्ये पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात जोसेफिन बूले या अंध मुलीने १८८८ साली ऑर्गनमध्ये पहिले पारितोषिक मिळवले. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. अमेरिकेत न्यूयॉर्कला १९२८ साली क्लॅरेन्स डिकिन्सन आणि त्यांच्या पत्नी हेलन यांनी धार्मिक संगीताचे विद्यालय सुरू केले. तिथे या विषयात एम.ए.च्या तोडीची पदवी आणि पुढे डॉक्टरेटही मिळू लागली. ते १९७३ साली बंद पडले, तेव्हा तिथले काही शिक्षक येल विद्यापीठात गेले आणि तिथे नवी संस्था उभी राहिली. तिला पैसा दिला तो क्लेमेंटाइन टॅन्जमन या बाईंनी आणि त्यांच्या भावाने, आपल्या घरच्या निधीतून. आज अशा विद्यापीठांत मुलगे आणि मुली शेजारी शेजारी बसून ऑर्गन शिकतात, गायकवृंद चालवायला शिकतात, आणि शिकून त्याच जागेवर बसतात.

सख्यांनो, या गोष्टीतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली, नुसते शिकून भागत नाही, शिकलेल्या हाताला जागा मिळावी म्हणून नियमालाही हात घालावा लागतो. दुसरी, एल्फ्रिडाच्या पाठीशी तिचे वडील उभे होते. आपल्या लेकीच्या पाठीशी कोण उभे राहणार? तिथेच तर गट कामाला येतो.

आणि एक विचार मनात येतो. ज्या देवळात आपल्या लेकीला पेटी नाकारली, तिथे रोज जनाबाईचे, मुक्ताबाईचे, सोयराबाईचे अभंग म्हटले जातात. बाईचे शब्द देवाला चालतात, मग बाईच्या हातचा सूर का चालू नये?

आम्ही ठरवले आहे. पुढच्या सप्ताहाची बैठक होईल तेव्हा गटाच्या पाचजणी जाणार. भांडायला नाही, अर्ज घेऊन. अर्जावर सगळ्यांच्या सह्या असतील आणि एकच मागणी असेल, एका संध्याकाळी हरिपाठाला आमच्या लेकीची साथ ऐकून पाहा. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. एल्फ्रिडालाही परीक्षा पास झाल्यावर चार वर्षे थांबावे लागले होते.

तुमच्या गावात अशी एखादी लेक असेल तर तिला आजची गोष्ट सांगा, आणि पेटी तेवढी बंद करून ठेवू देऊ नका. रामकृष्णहरी.