तेल आणि वायूवर तोललेली मोटार

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही शिक्षकांच्या छातीत क्षणभर धडकी भरेल. विषय आहे सस्पेन्शनचा! पण घाबरू नका. शिक्षणखात्याच्या सस्पेन्शनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मोटारीचा सांगाडा चाकांवर ज्या साधनाने तोलून धरलेला असतो, त्याला मोटारीच्या धंद्यात सस्पेन्शन म्हणतात. फ्रान्समध्ये एका माणसाने हे साधन मुळापासून बदललं. ते कसं बदललं, आणि बदललेलं दुरुस्त करायला जग कसं शिकलं, ही हकिकत आज सांगायची आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. टांग्यात मागे तिघे जाडजूड गृहस्थ बसले की टांगा उलाळ होतो. मोटारीचंही तसंच. तिच्याखाली पोलादी कमानपाटे किंवा वेटोळी स्प्रिंग असते. स्प्रिंग मऊ ठेवावी, तर रिकामी गाडी छान चालते, पण माणसं आणि सामान भरलं की मागून बसते. कडक ठेवावी, तर भरलेली गाडी सरळ राहते, पण रिकामी असताना हाडं खिळखिळी करते. पोलादाचा गुण एकदा ठरला की ठरला. ओझं पाहून तो बदलत नाही.

फ्रान्समधल्या सिट्रोएन कारखान्याचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी स्वस्त मोटार बनवायचं मनावर घेतलं होतं. त्यांची अट प्रसिद्ध आहे. टोपलीभर अंडी घेऊन मोटार नांगरलेल्या शेतातून गेली, तरी एक अंडं फुटता कामा नये! या खटपटीतून पुढे आलेला माणूस म्हणजे पोल माजेस. १९०८ साली जन्मलेला हा मुलगा १९२५ मध्ये सिट्रोएनमध्ये नोकरीला लागला. इंजिनियरची पदवी त्याच्याजवळ नव्हती. पण स्प्रिंग पोलादाचीच कां असावी, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या हातात असतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा दाबा. आरंभी तो सहज जातो, मग जड होत जातो आणि सोडला की परत उसळतो. म्हणजे कोंडलेला वायू ही एक स्प्रिंगच झाली. वायू दाबाखाली कसा वागतो हे रॉबर्ट बॉइलने १६६२ सालीच मांडलं होतं. आणि या वायूच्या स्प्रिंगचा मोठा गुण असा की, ओझं जितकं वाढेल तितकी ती आपोआप कडक होते. पोलादाला जे जमत नव्हतं, ते वायूला जमलं.

माजेसने प्रत्येक चाकावर पोलादाचा एक गोळा बसवला. गोळ्याच्या आत मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या वर दाबून भरलेला नायट्रोजन, खाली तेल. चाक खड्ड्यात आपटलं की दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल पडद्याला ढकलतं आणि पडदा वायूला दाबतो. धक्का वायू पोटात घालतो. आता भरलेली गाडी खाली बसू नये म्हणून काय केलं? गाडीच्या पुढे एक आणि मागे एक अशा झडपा ठेवल्या. मागे माणसं बसून गाडी खचली, की झडप उघडते आणि इंजिनावर चालणाऱ्या पंपाचं तेल आत येतं. गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर! माणसं उतरली, गाडी वर आली, की तीच झडप जादा तेल टाकीत परत सोडते. तराजूचा काटा मध्यावर आणण्यासाठी वाणी धान्य घालतो किंवा काढतो, तसाच हा प्रकार. ही झडप मुद्दाम जरा सावकाश हलते, नाही तर प्रत्येक खड्ड्याला ती तेल आत-बाहेर करीत बसली असती.

बूलांजे यांचा १९५० साली मोटार-अपघातात अंत झाला. फळ पाहायला ते राहिले नाहीत. १९५४ मध्ये ही योजना प्रथम एका जुन्या नमुन्याच्या मोठ्या गाडीला, फक्त मागच्या चाकांपुरती लावून पाहिली. मग ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ‘डी. एस. १९’ ही नवी गाडी आली. चारही चाकं तेल-वायूवर. ब्रेक आणि सुकाणूही त्याच तेलाच्या दाबावर! पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गिऱ्हाइकांनी मागणी नोंदवली.

पण श्रोतेहो, कथा इथे संपत नाही. खरं म्हणजे इथे सुरू होते. हे सगळं काम कमालीच्या गुप्ततेत झालं होतं. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचली, तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांना तिची नीट ओळखही झालेली नव्हती. या यंत्रणेतला दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोग्रॅमच्याही वर जातो, मालमोटारीच्या टायरमधल्या हवेच्या वीसपट! एवढ्या दाबाखाली एखादा वायसर जरा कच्चा निघाला, की तेल गळणार. आणि ब्रेकही त्याच तेलावर. पहिल्या काळात अनेक गाड्या गळू लागल्या. खेड्यापाड्यांतून रात्री-अपरात्री हिंडणाऱ्या डॉक्टराने असली गाडी घ्यावी की नाही? यंत्राची अब्रूच पणाला लागली. कारखान्याने सुटे भाग सुधारले, आणि १९५७ मध्ये सुकाणू व गियर साधे ठेवून, सस्पेन्शन मात्र तेच ठेवून, ‘आय. डी.’ नावाची स्वस्त गाडी काढली.

मिस्त्रीही हळूहळू शिकले. कसं शिकले? वैद्य नाडी बघतो तसं. इंजिन चालू ठेवायचं आणि कान द्यायचा. पंपाचा दाब पुरेसा झाला की नियंत्रक ‘टिक्’ असा आवाज करतो. दोन टिकटिकींमध्ये बराच वेळ गेला, तर ठीक. दर दोन-चार सेकंदांनी टिकटिक होऊ लागली, तर दाब साठवणाऱ्या गोळ्यातला नायट्रोजन निघून गेला असावा किंवा कुठे तरी तेल झिरपत असावं. एकाच चाकाकडे धक्के बसतात? त्या चाकाच्या गोळ्यातला वायू संपला. गाडी पुढून किंवा मागून वाकडी उभी राहते? मग तिला हाताने दाबून सोडायचं. ती जुन्या उंचीवर परत येत नसेल, तर उंचीच्या झडपेचा दांडा गंजून अडकला आहे. गाडी मुळीच उठत नाही? आधी टाकीतलं तेल आणि पंपाचा पट्टा बघा, उगाच सगळं खोलू नका. आणि रात्रभर उभी राहून गाडी खाली बसली, तर तो दोष असेलच असं नाही. झडपांतून थोडं तेल टाकीत परत जातंच. जमिनीवर ओल दिसली, तर मात्र गळती आहे. शिवाय एक नियम सर्वांनी पाळायचा: नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. भक्कम आधार द्यायचा, दाब सोडायचा, आणि मगच पाना लावायचा.

सर्वांत घातक दुखणं मात्र तेलाचंच होतं. आरंभीचं तांबडं तेल हवेतली ओल शोषून घेई आणि आतले भाग गंजत. म्हणून १९६६ च्या सुमारास कारखान्याने हिरव्या रंगाचं खनिज तेल आणलं. पण दोन्ही तेलांना चालणारं रबर निराळं. तांबड्याच्या गाडीत हिरवं घातलं, किंवा हिरव्याच्या गाडीत तांबडं, की वायसर नासलेच. म्हणून नव्या गाड्यांच्या भागांवर हिरवी खूण करू लागले. रंगाची एवढीशी खूण, पण तिने कित्येक गाड्यांचे ब्रेक वाचवले असतील.

या यंत्रणेची परीक्षा एकदा साऱ्या जगासमोर झाली. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकाने ती डी. एस. गाडी न थांबवता बाहेर काढली आणि आतली माणसं वाचली. पुढे १९६५ मध्ये इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या ‘सिल्व्हर शॅडो’ या श्रीमंती मोटारीसाठी सिट्रोएनकडून परवाना घेतला. तिथे मुख्य भार पोलादी स्प्रिंगवरच ठेवला, गाडी समतल राखण्याचं काम तेवढं तेलाकडे दिलं. अंडी न फुटता शेतातून नेण्यासाठी सुरू झालेला शोध अखेर उमरावांच्या दिवाणखान्यासारख्या गाडीत जाऊन बसला!

डी. एस. ची निपज १९७५ साली थांबली. तोवर तिच्या घराण्यातल्या साडेचौदा लाखांच्या वर गाड्या झाल्या होत्या. सिट्रोएनने ही पद्धत पुढे २०१७ पर्यंत चालवली. आज त्या जुन्या गाड्या जिथे धावतात, तिथे टिकटिक ओळखणाऱ्या कानांमुळे आणि तेलाचा रंग पाहून डबा उघडणाऱ्या हातांमुळेच धावतात.

शोध लावणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं, आणि राहावंच. पण पोल माजेसची कल्पना ज्यांनी गावोगावच्या गॅरेजांत रस्त्यावर टिकवून दाखवली, त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. आपल्या गावातलं पाण्याचं इंजिन बंद पडतं, तेव्हा मिस्त्री येतो. तो आधी काय ऐकतो, कुठे हात लावतो, कोणती गोष्ट सर्वांत शेवटी खोलतो, हे शिक्षकांनी मुलांना जवळ उभं करून जरूर दाखवावं. लक्षणावरून कारणाकडे कसं जायचं, याचा तो चांगला धडा आहे, आणि त्याला फी पडत नाही.